पुढाऱ्यांची शाळा



वयाच्या अठराव्या वर्षी मी यंत्रमागावर कामाला लागलो. पहिले कित्येक महिने माझ्या हाती माग दिला गेला नाही. कांड्या पोहोचवा, कचरा काढा, जुन्या कामगाराशेजारी उभे राहून तुटलेला धागा ओवायला शिका, धोटा उडाला तर अंग कसे चुकवायचे ते समजून घ्या, असा तो शिकाऊपणा होता. चार माग सांभाळायचे तर एवढे शिक्षण लागते. पुढे दहा वर्षांनी कामगारांनी मला युनियनचा चिटणीस निवडले. शेकडो कुटुंबांच्या भाकरीचे करार आता माझ्या सहीने व्हावयाचे होते. त्यासाठी मात्र मला कोणी एक दिवसही शिकविले नाही. आवाज मोठा होता, चार वाक्ये न अडखळता बोलता येत होती, एवढी लायकी पुरेशी मानली गेली.

राजकीय पक्षांत याहून निराळे काय चालते? वायरमनला परवाना लागतो, मोटार हाकणाऱ्याला लागतो. पुढाऱ्याला परवाना लागू नये हे योग्यच आहे; कारण तो परवाना देण्याचा अधिकार फक्त मतदाराचा. परंतु परवाना नको म्हणजे शिक्षणही नको, असा अर्थ आपण करून ठेवला आहे. पक्षाच्या पुढाऱ्यांना शिकविता येते काय, काय शिकवावे, आणि त्या शिक्षणाने लोकशाही खरोखर बळकट होते की पुढारीच अधिक बळकट होतो, हा आजचा माझा विषय आहे. मी शाळेत फार शिकलो नाही. जे सांगणार आहे ते थोडे वाचनालयात वाचलेले आणि बरेचसे सभांमध्ये चुकून शिकलेले आहे.

एक गैरसमज आधी दूर करतो. आज जवळजवळ सर्व पक्ष शिबिरे घेतात. तेथे भाषण कसे करावे, विरोधकाला उत्तर कसे द्यावे, मोबाइलवरून प्रचार कसा करावा, मतदानकेंद्राची यादी कशी लावावी हे शिकवितात. हे सारे निवडणूक जिंकण्याचे शिक्षण झाले, आणि ज्याला जिंकायचे आहे त्याने ते घ्यावे. पण जिंकण्याच्या आधी पक्षात आणि जिंकल्यानंतर सभागृहात कसे वागावे, याचे शिक्षण त्याहून वेगळे असते. मी त्या दुसऱ्या शिक्षणाविषयी बोलत आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीत श्रोत्यांना शिक्षण देण्याचा हेतू होता. पुढाऱ्यांच्या शिक्षणाचा प्रयोग गोपाळ कृष्ण गोखले यांनी केला. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन केली. नव्या सभासदाला तेथे पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. ग्रंथालयात बसून अभ्यास करायचा, देश हिंडून पाहायचा, आणि मग सार्वजनिक कामाला हात घालायचा. गांधीजी १९१५ च्या जानेवारीत आफ्रिकेहून परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांना सांगितले की, वर्षभर देश पाहा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका. गोखले त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले. गांधीजींनी मात्र दिलेला शब्द पाळला. आधी ऐका, मग बोला, हा या शाळेचा पहिला धडा होता. आम्हा कामगारांना या संस्थेने ना. म. जोशी दिले. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. आकडे जमवून, अहवाल वाचून मग मागणी मांडावी, ही त्यांची पद्धत.

तथापि गोखल्यांची संस्था हा राजकीय पक्ष नव्हता. शिकणारा सभासद तेथे प्रमुखांच्या देखरेखीखाली आणि आज्ञेत असे. आपल्या मागे चालणाऱ्यांना जाब कसा द्यावा, हा प्रश्न त्या शाळेत मध्यभागी नव्हता. तो प्रश्न पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सर्वांत स्पष्ट मांडला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भाषण करताना त्यांनी इशारा दिला की, राजकारणातील विभूतिपूजा देशाला हुकूमशाहीच्या वाटेने नेते. ज्यांचे स्वतःचे लाखो अनुयायी त्यांना जिवापाड मानीत होते, त्या माणसाने हे सांगावे याला फार अर्थ आहे.

आणि ते केवळ इशारा देऊन थांबले नाहीत. १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक शाळा काढली. ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ असे तिचे नाव. बाबासाहेब स्वतः तिचे संचालक होते. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे पंधरा. ज्यांच्या एका हाकेवर मैदाने भरत त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, प्रकृती ढासळलेली असताना, पंधरा जणांच्या वर्गाची खटपट करावी, यावरून त्यांना या कामाची किती निकड वाटत होती ते दिसते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि मार्च १९५७ मध्ये ती शाळा बंद पडली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला व थोड्याच वर्षांत त्यात फूट पडली. शाळा टिकली असती तर फूट टळली असती, असे मी म्हणणार नाही; इतिहासाचा हिशेब इतका सोपा नसतो. परंतु एका माणसावर उभी राहिलेली शाळा त्या माणसाबरोबर जाते, एवढे आपण लक्षात घेतले पाहिजे.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहण्यासाठी थोडे जर्मनीत जाऊ. तेथील सोशल डेमोक्रॅटिक पक्ष हा त्या काळचा जगातील सर्वांत मोठा कामगार पक्ष होता. त्याने १९०६ साली बर्लिनमध्ये पक्षाची शाळा काढली. अर्थशास्त्र, इतिहास, कायदा, लेखन, भाषण असे विषय तेथे शिकवीत. १९०७ पासून अर्थशास्त्र शिकवायला रोझा लक्झेंबुर्ग होत्या. कारखान्यांतून आणि युनियनांतून आलेली निवडक माणसे तेथे शिकत. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि ती शाळा बंद पडली.

याच पक्षाचा अभ्यास करून रॉबर्ट मिकेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, संघटना कितीही लोकशाहीवादी असो, ती मोठी होत गेली की सत्ता मूठभरांच्या हाती जाते. आणि त्याने पक्षाच्या शाळांवरच बोट ठेवले. तो म्हणतो, निवडक कामगारांना शिकवून तुम्ही पुढारी तयार करता. ते पुढारी कायदा जाणतात, आकडे जाणतात, त्यामुळे त्यांच्यावाचून काम अडते. आणि ज्याच्यावाचून अडते त्याला हलविता येत नाही. म्हणजे शाळेमुळेच पुढारी आणि सभासद यांतील अंतर वाढत जाते. हा आक्षेप वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले; कारण तो माझ्याविषयीच लिहिला आहे असे मला वाटले.

ती हकिगत सांगतो. २००५ साली आमच्या युनियनची वार्षिक सर्वसाधारण सभा एका शाळेच्या सभागृहात भरली होती. मी सात वर्षे चिटणीस होतो. कायदा मलाच कळे, मालकांशी मीच बोले, जुने करार माझ्याच पिशवीत. कार्यक्रमपत्रिकेवर हिशेबाचा विषय आला. ‘हिशेब मंजूर’ असे म्हणून पुढे जावयाची आमची रीत. तेवढ्यात कांड्या भरणाऱ्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “दादा, आमच्या शेडच्या तीन महिन्यांच्या पावत्या वहीत न्हाईत. हिशेब वाचून दावा की.” मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, “मावशी, सात वर्षे घर सोडून तुमचं काम करतोय. तुमचा माझ्यावर विश्वास नाही काय?” सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी खाली बसल्या. मला मोठे समाधान वाटले.

दोन महिन्यांनी हिशेबतपासनिसाने ती तफावत दाखविली. वर्गणी गोळा करणाऱ्याने त्या शेडची रक्कम घरखर्चाला वापरली होती, आणि मी ती वही सहा महिने उघडलीच नव्हती. तोवर मावशींनी युनियन सोडली होती. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, “पैशाचं काय न्हाई दादा. पण एवढ्या लोकांत तुम्ही मला चोरासारखं खाली बसवलंसा.” त्या परत कधी सभेला आल्या नाहीत.

मी त्या दिवशी पैसे खाल्ले नव्हते, खोटे बोललो नव्हतो. तरीही लोकशाहीचा घात केला होता, आणि तो टाळ्यांच्या गजरात केला होता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सभासदाला हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क दिला होता. मावशी आपला हक्क मागत होत्या आणि मी त्यांना भक्ती मागत होतो. त्या सभेत कायदा पाठ असलेला माणूस एकच होता, आणि त्यानेच तो मोडला. मिकेल्सचे म्हणणे ते हेच.

मग शिक्षण सोडून द्यावे काय? नाही. फक्त पुढाऱ्याला शिकविले तर अंतर वाढते, हे खरे. पण पुढारी आणि त्याला जाब विचारणारा सभासद यांना एकाच बाकावर बसवून तेच धडे दिले, तर अंतर कमी होते. पुढाऱ्याला वापरता येणारे प्रत्येक हत्यार सभासदालाही वापरता आले पाहिजे. हे धडे फार मोठे नाहीत. चार सांगतो.

पहिला धडा सभेचा. सभेची सूचना पुरेसे दिवस आधी, विषयांसह, लेखी का द्यायची? कारण दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाला विचार करायला आणि सुटी मागायला वेळ मिळावा. गणपूर्ती का मोजायची? चौघांनी चारशेंच्या नावाने निर्णय करू नये म्हणून. ठरावाला दुरुस्ती आली तर आधी दुरुस्तीवर मत घ्यावयाचे आणि मग मूळ ठरावावर. नाहीतर आपण अखेर कशावर हात वर करतो आहोत हेच सभासदाला कळत नाही. समसमान मते पडली तर अध्यक्षाने आपले निर्णायक मत शक्यतो चालू स्थिती कायम राहील असे द्यावे, असा जुना संकेत आहे. म्हणजे एका खुर्चीच्या जोरावर बदल लादला जात नाही. आणि इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करायचे, कारण काय ठरले हे नंतर पुढाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून राहू नये. हे नियम किचकट वाटतात. पण प्रत्येक नियमामागे कोणातरी दुबळ्या माणसाचे संरक्षण आहे. वर्गात हे नुसते सांगू नये, खोटी सभा भरवून करवून घ्यावे. आणि पुढाऱ्याला त्यात अध्यक्ष न करता विरोधी मताचा एकटा सभासद करावे. एकट्याने उभे राहून बोलताना घसा कसा कोरडा पडतो, ते त्याला एकदा कळले पाहिजे.

दुसरा धडा हिशेबाचा. पावतीपुस्तक, रोजकीर्द, बँकेचे पुस्तक आणि शिल्लक यांचा मेळ सामान्य सभासदाला घालता आला पाहिजे. आम्ही पुढे नियम केला की, वार्षिक हिशेब चिटणिसाने वाचायचा नाही. सभासदांतून चिठ्ठीने नाव काढून त्याने तो वाचायचा, आणि त्याआधी आठवडाभर वह्या त्याच्या हाती द्यायच्या. पहिल्या वर्षी वाचणारा अडखळला. तिसऱ्या वर्षी प्रश्न विचारणारे दहा जण झाले.

तिसरा धडा मतभेदाचा. आपल्याकडे पक्षाच्या बैठकीत उमेदवारीचा किंवा पदाचा विषय निघाला की, ‘निर्णयाचे सर्वाधिकार वरिष्ठांना देण्यात येत आहेत’ असा एका ओळीचा ठराव एकमताने होतो आणि सभा संपते. सर्वाधिकार देऊन टाकण्याचा अधिकार सभेला असेलही. पण रोज तोच वापरला तर सभेचे काम काय उरले? मतभेद म्हणजे फितुरी नव्हे, हे पुढाऱ्याने शिकायचे. आणि मतदान झाल्यावर हरलेल्या बाजूने निर्णय पाळायचा, हे सभासदाने. दोन्ही एकदम शिकली तरच पक्ष चालतो.

चौथा धडा खुर्ची सोडण्याचा, आणि तो सर्वांत कठीण. आमच्या युनियनमध्ये २०१० साली निवडणूक झाली, तीत मी पडलो. ज्याला मी इतिवृत्त लिहायला शिकविले होते त्याच मुलाने मला पाडले. मी त्याचे अभिनंदन केले. परंतु कपाटाच्या किल्ल्या द्यायला मला चार दिवस लागले. रोज काहीतरी निमित्त निघे. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, किल्ल्या युनियनच्या आहेत ना?” मग दिल्या. जुने करार, चालू दावे, कोणत्या मालकाने काय तोंडी कबूल केले आहे ते, सारे यादी करून हवाली करणे हेसुद्धा एक शास्त्र आहे, आणि ते निवडून आल्याच्या पहिल्या दिवशी शिकवावे. पडल्यानंतर शिकण्याची मनःस्थिती नसते.

या धड्यांना कायद्याचा आधार असावा की नाही? जर्मनीने याचे उत्तर फार मोठी किंमत देऊन शोधले. १९३३ नंतर एका नेत्याच्या हुकमावर चालणाऱ्या पक्षाने तेथे सारे राष्ट्र खाईत लोटले. म्हणून १९४९ च्या त्यांच्या मूलभूत कायद्यात एकविसाव्या कलमाने सांगितले की, पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे. १९६७ च्या पक्षविषयक कायद्याने त्याचा तपशील ठरविला. किमान दर दोन वर्षांनी कार्यकारिणीची निवड व्हायला हवी, आणि ती गुप्त मतदानाने.

आपल्याकडे मूळ संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेख नव्हता. १९८५ साली पक्षांतरबंदीसाठी दहावी अनुसूची जोडली गेली. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाने पक्षांची नोंदणी सुरू झाली. संविधानावर आणि लोकशाहीवर निष्ठा असल्याचे पक्षाला आपल्या नियमांत लिहून द्यावे लागते. परंतु लिहून दिल्याप्रमाणे पक्ष वागतो की नाही, हे पाहून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार काही अपवाद सोडता निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. याचा परिणाम नीट पाहा. पक्षादेश मोडून मत दिले तर आमदाराचे पद जाऊ शकते. पण तो आदेश पक्षात कोणी, कोणाला विचारून काढला, हे विचारण्याची सोय कायद्यात जवळजवळ नाही. सभासदावरची पक्षाची पकड कायद्याने घट्ट केली. पक्षावरची सभासदाची पकड मात्र सैलच राहिली. ही उणीव कायद्याने भरून निघेपर्यंत ती शिक्षणानेच भरावी लागेल. कायदा झाला तरी शिक्षण लागेलच. माझ्या हकिगतीत कायदा होताच की.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. लढाई चालू असताना चर्चा करीत बसायचे काय? एकाचाच हुकूम लागतो. मी संप चालविले आहेत, म्हणून हे मला मान्य आहे. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात घरात पीठ संपलेले असते, तेव्हा दारावरच्या कार्यकर्त्याला एकच निश्चित सूचना मिळाली पाहिजे. पण संप करावा की नाही हे मतपेटीने ठरवावे, आणि मिटल्यावर काय मिळाले, काय गेले याचा हिशेब सभेपुढे ठेवावा. हुकूम मधल्या काळापुरता. जो पुढारी लढाई कधी संपलीच नाही असे भासवितो, तो जाब द्यायचे टाळीत असतो.

दुसरा आक्षेप, पक्ष अशी शाळा काढतील कशाला? पुढारी आपल्याच अधिकाराला कात्री का लावील? बहुतेक लावणार नाही. म्हणून सुरुवात आपण येथूनच केली पाहिजे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणी गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहेत, कोणी पतपेढीचे, कोणी गणेशोत्सव मंडळाचे, कोणी महिला बचत गटाचे. उद्याचा नगरसेवक आणि परवाचा आमदार याच ठिकाणी तयार होत असतो. येथे सूचना न देता सभा भरविण्याची, हिशेब न वाचता मंजूर करण्याची, वीस वर्षे एकच अध्यक्ष ठेवण्याची त्याला सवय लागली, तर विधानसभेत गेल्यावर ती सुटणार नाही. आपण घरी गेल्यावर आपल्या संस्थेच्या मागच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त मागून वाचा, एवढीच माझी विनंती आहे. ते मिळाले नाही, तर कोठे शिकवायला सुरुवात करायची हे आपल्याला कळले.

आणि पुढल्या सभेत कोणी उठून हिशेब मागितला, आणि व्यासपीठावरून कोणी विचारले, “तुमचा माझ्यावर विश्वास नाही काय?” तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. वही वाचून दाखवा म्हणा. उभ्या राहिलेल्या बाईला किंवा माणसाला एकटे पडू देऊ नका. ही माझी चूक भरून काढण्याची वेळ माझ्या हातून निघून गेली. तुमच्या हातून ती गेलेली नाही.

 आता प्रश्न विचारा. उत्तरे देणे हे माझे काम आहे.